काकांची दुपारची झोप

कवळीकाकांनी उभं आयुष्य लोकांच्या तोंडात दात बसवण्यात घालवलं. दवाखान्यातून मापं यायची, काका कवळ्या करून द्यायचे, आणि त्याही अशा बेमालूम की त्या गल्लीत कोण स्वतःच्या दातांनी हसतंय आणि कोण काकांच्या, हे देवालाच ठाऊक. मग उजव्या हाताला कंप सुटला. काकांनी दोन महिने तो लपवला, तिसऱ्या महिन्यात सगळी हत्यारं देऊन टाकली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. तीन आठवडे बसले. त्या तीन आठवड्यांचा विषय निघाला तर काकू आजही उठून स्वयंपाकघरात जातात.

उरली ती हॉलमधली टाकी. चार फूट लांब, आत खारं पाणी, खडक आणि खडकांवर जिवंत प्रवाळ. काकू शिवणाचे वर्ग घ्यायच्या. टाकीला त्यांनी अठरा वर्षं ‘खारी सवत’ म्हटलं आणि काच पुसण्यापलीकडे तिच्याकडे कधी ढुंकून पाहिलं नाही. काका प्रवाळाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे आणायचे आणि खडकावर चिकटवायचे. तुकडा जगला की वाढत जातो. काम तसं सोपं. पाणी फिरवणारे पंप बंद करायचे, तुकड्याचं बूड कागदाने टिपून घ्यायचं, त्यावर घट्टसर सुपरग्लूचा थेंब ठेवायचा, पाण्यात नेऊन खडकावर दाबायचं, किंचित पीळ द्यायचा आणि न हलवता वीस आकडे मोजायचे. आता त्या ‘न हलवता’पाशीच घोडं पेंड खायचं. तुकडा रात्र कशीबशी काढायचा, आणि दुसऱ्या दिवशी जेवणं होईपर्यंत एखादी गोगलगाय त्याला ढोसून वाळूत पाडायची.

पण काका दुपारची झोप काढून उठावेत, तर तुकडा जागच्या जागी!

"बघितलंस? अजून आहे हो या हातात काहीतरी," काका पहिल्या आठवड्यात म्हणाले.

"असणारच. जाणार कुठे?" काकू सुईत दोरा ओवता ओवता म्हणाल्या.

मग एका दुपारी तहान लागली म्हणून काका उठले आणि दारातच थबकले. काकू स्टुलावर उभ्या. एक हात कोपरापर्यंत टाकीत, आणि तोंडाने प्रवाळाची हजेरी घेणं चालू. "काय रे ठोंब्या, नीट बसायला काय होतं तुला? त्यांनी एवढा जीव ओतून लावलं, आणि तू लोळतोयस वाळूत?"

काका पाऊल न वाजवता मागे फिरले आणि पलंगावर आडवे झाले. खोटं कशाला सांगा, डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे एकही तुकडा आपल्या हातचा नाही तर! पण बाहेर काकूंचं चालूच होतं. ठोंब्याचं झाल्यावर पिवळ्याची विचारपूस झाली, मग एका खेकड्याला दम मिळाला. अठरा वर्षं जिने टाकीशी उभा दावा मांडला, ती आता तिच्याशी घरातल्या माणसासारखी बोलत होती. काकांनी ठरवलं, आपण झोपलेलेच बरे. तेव्हापासून आठवड्याला एखादा तुकडा लावायचा आणि रोज दुपारी डोळे मिटून ऐकायचं. पाच महिने हे सोंग झकास चाललं.

आणि मग काकांनी हौसेने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात त्यांना एक प्रवाळ दिसला, गोल गोल हिरव्या बटणांचा पुंजका. काकू हरखतील म्हणून लगेच घेतला. पिशवी हातात देताना दुकानदार म्हणाला, "जपून हां, काका. या जातीतल्या काहींच्या अंगात जबर विष असतं. हातमोजे घाला, डोळ्यांवर चष्मा लावा. आणि बोटाला साधी टोचल्याची जखम असली तरी उघड्या हाताने शिवू नका."

त्या संध्याकाळी काकांनी मोजे चढवले, चष्मा लावला आणि बटणं बसवली. बाराव्या आकड्याला हात हललाच.

"आज ऑपरेशन आहे वाटतं?" काकू म्हणाल्या.

"अगं, हा विषारी असू शकतो. उघड्या हाताने धरायचा नाही. त्यातून बोटाला सुईबिई लागलेली असेल, तर अजिबातच—"

"मला काय सांगताय? मी कुठे हात घालते तुमच्या टाकीत!"

झालं! आता बोलायचं काय? काकूंच्या बोटांची तर सुयांनी चाळण झालेली. खरं सांगावं तर पाच महिन्यांचं बिंग फुटतं, आणि फुटल्यावर काकू पुन्हा टाकीपाशी येतील कशाला? न सांगावं तर जिवाशी खेळ. रात्री काकांना धड झोप लागली नाही. सकाळी उठून पाहतात तो बटणं जागच्या जागी. बसली की काय! खरं तर तेव्हाच ती उचलून बादलीत ठेवायची, पण माणूस हुरळला. काकूंच्या मापाचे मोजे तेवढे त्यांनी ग्लूच्या नळीशेजारी दिसतील असे ठेवले आणि जेवून आत गेले. पण कूस अशी घेतली, की दारातून टाकी दिसावी.

काकू आल्या. "पडलास ना तूही?" असं म्हणाल्या, म्हणजे बटणं वाळूत गेली होती तर! काकूंनी पंप बंद केले, मोजे उचलले, घातलेसुद्धा. काकांनी सुस्कारा सोडला. तेवढ्यात नळीचं टोपण निघेना. "मेले हे मोजे! बोटांना काही कळतच नाही," असं म्हणून काकूंनी ते ओढून काढले आणि उघडा हात पाण्याकडे नेला.

"हात काढ!"

काका जन्मात एवढे ओरडले नव्हते. काकू स्टुलावरून पडता पडता वाचल्या. काका धावत आले, त्यांची दोन्ही मनगटं धरली आणि एकेक बोट उलटसुलट करून पाहिलं.

"शिवलीस का त्याला? खरं सांग."

"नाही हो, अजून पाण्यातही गेला नव्हता हात. तुम्ही झोपला नव्हतात?"

"पाच महिने झाले, दुपारचा झोपलेलो नाही."

काकूंना अर्थ लागायला जरा वेळ लागला. लागला, आणि तोफ सुटली. "म्हणजे मी इथे दुखरे गुडघे घेऊन चोरासारखी स्टुलावर चढतेय, आणि तुम्ही आत लोळून मजा बघताय?"

"मजा नाही गं. तुझं बोलणं ऐकायचो. बरं वाटायचं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर आली असतीस परत?"

काकू एकदम मऊ झाल्या. स्टुलावर बसल्या आणि पदराने हात पुसत राहिल्या, खरं तर हात कोरडाच होता. "मला भीती वाटायची," त्या म्हणाल्या. "हेही टिकत नाही असं तुम्हाला कळलं, तर टाकीही देऊन टाकाल आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसाल. ते मला आता बघवणार नाही हो."

"नाही बसणार," काका म्हणाले. त्यांचा हात काकूंच्या खांद्यावर थरथरत होता. एरवी त्यांनी तो पटकन खिशात घातला असता. आज राहू दिला.

मग कामाला लागले दोघं. खिडकी उघडली. दोघांनी मोजे घातले, चष्मे लावले, आणि एकमेकांचे अवतार पाहून काकूंना हसू आवरेना. काकांनी जागा दाखवली, शेजारच्या प्रवाळापासून चार बोटं लांब, कारण ही मंडळी जवळ आली की एकमेकांना डसतात. "आपल्यासारखीच," काकू म्हणाल्या. त्यांनी तुकडा दाबला, पीळ दिला, आणि आकडे काकांनी मोजले. वीस झाल्यावर काकूंनी हात काढला. बटणं मिटून बसली होती, पण हलली नाहीत. दोघांनी मोजे टाकून दिले आणि साबणाने दोन-दोनदा हात धुतले.

काका टाकीसमोर खुर्ची ओढून बसले. "हत्यारं दिल्यापासून चोवीस तुकडे," ते म्हणाले. "चोवीसच्या चोवीस तुझे. मी नुसता आणणारा हमाल."

"कोण म्हणालं चोवीस?"

"म्हणजे?"

काकूंनी काचेवर बोट टेकवलं. डावीकडे, अगदी खालच्या खडकावर, एक जांभळा तुकडा होता. "याला मी कधी हात लावलेला नाही. हा पडलाच नाही."

काकांनी चष्मा पुसला आणि गुडघे टेकून खाली वाकून पाहिलं. ग्लू चारी बाजूंनी फासलेला, काकूंनी असला गबाळा हात कधी मारला नसता. आणि त्या ग्लूवरून उतरून प्रवाळ आता थेट खडकावर पसरला होता, चांगला रुपयाएवढा. उपटायचा म्हटलं तर दगड फोडावा लागला असता.

काकांनी मान तिरकी करून तो पुन्हा एकदा निरखला.

"वाकडा बसलाय," ते म्हणाले.

"वाकडाच आहे," काकू म्हणाल्या. "पण बसलाय."