एटसीतल्या तीन ओळी

चिठ्ठीचं एक टोक सुटलं होतं. पंखा फिरून इकडे आला की ते उचललं जायचं, थरथरायचं, आणि पंखा पलीकडे वळला की पुन्हा गप्प बसायचं. रिपोर्ट लिहायचा सोडून राजेश्वरी गेली दहा मिनिटं तेवढंच बघत होती. सर्व्हरच्या जाळीच्या कपाटावर, निळ्या बॉलपेनने, दुसरीतल्या मुलाने गिरवावं तशा ठळक अक्षरांत लिहिलेलं — ‘या वायरीला कुणी हात लावू नये. बिरप्पा.’ खाली तारीख. त्याच्या खाली, जागा उरली म्हणून की काय, पुन्हा एकदा ‘बिरप्पा’.

चारपर्यंत रिपोर्ट द्यायचा होता. आता अडीच. कुमार सर म्हणजे या इंटरनेट कंपनीचे मालक, सात रस्त्यापासून जुळे सोलापूरपर्यंत ज्यांची वायर घराघरांत गेली आहे ते, सकाळी दारातूनच बोलून गेले होते, ‘‘मॅडम, लांबण लावू नका. बिरप्पाकडनं सेटिंग करायचं राहून गेलं, एवढंच लिहा. खाली तुमची सही. परीक्षा केंद्रवाल्यांना कुणाचं तरी नाव पाहिजे, देऊन टाकू.’’ मग इथल्या वायरी ओढणाऱ्या बिरप्पाकाकांचं काय, असं तिने विचारायच्या आतच, चप्पल घालता घालता, ‘‘गावाकडं बघा म्हणावं आता. वय झालं की त्यांचं.’’

वय झालं! चौपन्न. आणि हे स्वतः एकोणसाठ… पण मालकाचं वय कोण मोजतो.

सोमवारी सकाळी होटगी रोडला कुणीतरी रस्ता खणताना मोठी केबल तोडली. त्यात नवल काही नव्हतं, सोलापुरात रस्ता एकदा करतात आणि चारदा खणतात. अशा वेळी परीक्षा केंद्राचं इंटरनेट आपोआप दुसऱ्या केबलवर जावं, म्हणून शनिवारी संध्याकाळी बिरप्पाने सर्व्हरवरच्या एका फाईलमध्ये हाताने तीन ओळी लिहिल्या होत्या. सोमवारी त्या ओळी तिथे नव्हत्या. दोनशे दहा मुलं सव्वा तास बंद पडलेल्या ऑनलाईन पेपरासमोर बसून राहिली, एक मुलगी म्हणे चक्कर येऊन पडली, आणि दुपारी जेव्हा सगळ्यांनी मिळून ती फाईल उघडून पाहिली तेव्हा बिरप्पा एकटाच म्हणत राहिला, ‘‘मी लिव्हलंतं की. हितंच बसून लिव्हलंतं.’’ फाईलमध्ये ओळी नाहीत म्हणजे माणूस खोटा — तेवढाच हिशोब.

राजेश्वरीनेही तो हिशोब खोडला नाही. खरं तर तिला तेव्हाच कळलं होतं, त्या ओळी कुठे गेल्या ते. तिने लिहिलेला प्रोग्राम रोज सकाळी सहाला ग्राहकांची यादी वाचतो आणि त्या यादीवरून ती अख्खी फाईल नव्याने लिहून काढतो. जुनी पुसून. मध्ये कुणी हाताने काही लिहिलेलं असेल तर तेही पुसून. रविवारी सकाळी सहा वाजता, बिरप्पा मैंदर्गीला आपल्या घरी झोपलेला असताना, त्याच्या तीन ओळी निमूटपणे गेल्या.

आणि हे होणारच होतं! मार्चपासून ओरडून सांगतेय मी. सर्व्हर ज्यावर चालतो त्या लिनक्समध्ये प्रत्येक गोष्टीची जागा ठरलेली आहे, ती काही राजेश्वरीच्या माहेरून आणलेली नाही, जगभरच्या लोकांनी भांडून-तंडून ठरवलेली आहे. एटसी नावाचा जो कप्पा आहे तो माणसाचा. तिथे माणसाने लिहावं, आणि लिहिलेलं आहे तसं राहील असा भरवसा धरावा. यंत्र स्वतःच्या मनाने जे तयार करतं ते वार-लिबमध्ये. आणि यंत्र बंद करून चालू केल्यावर नाही उरलं तरी बिघडत नाही असं जे असेल, ते रनमध्ये. तीन कप्पे. तिसरीच्या मुलालाही कळेल. तिने ते कागदावर काढून दाखवलं होतं, एकदा नाही, तीनदा, आणि कुमार सर तिन्ही वेळा चहात बिस्कीट बुडवत म्हणाले होते, ‘‘वार-लिबमधे कोण बघणार, मॅडम? आपली माणसं वीस वर्षं एटसीतच बघत आलीत. सगळं एका जागी असू द्या की. सापडायला सोपं.’’ पालथ्या घड्यावर पाणी. चौथ्यांदा तिने सांगितलंच नाही. एटसी तर एटसी. प्रोग्राम तिथेच लिहील. घ्या.

आणि आता चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशीच्या कागदावर सही माझी!

नाही. लिहायचंच तर खरं लिहू. तिने रिपोर्टची नवी पानं उघडली आणि बोटं सटासट चालायला लागली — मी अमुक तारखेला सांगितलं होतं, अमुक तारखेला पुन्हा सांगितलं होतं, यंत्राने लिहिलेल्या फाईली माणसाच्या कप्प्यात ठेवल्याचा हा परिणाम आहे… लिहिताना कानशिलं तापली होती आणि बरं वाटत होतं. कुमार सर वाचतील तेव्हा त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबतील. झोंबू देत. पुरावा म्हणून मार्चमधला जुना प्रोग्राम जोडावा, वार-लिबमध्ये लिहिणारा, तिने मुळात केला होता तो. आपल्याकडे प्रत्येक बदलाची नोंद आहे, तारखेनिशी, कोण खोटं म्हणतंय बघू.

जुना प्रोग्राम उघडला. त्याने तयार केलेल्या फाईलची पहिली ओळ होती — ‘ही फाईल यंत्र लिहिते. हाताने बदल करू नये, पुसला जाईल.’

ती वाचत राहिली. मग नवा उघडला, एटसीत लिहिणारा. त्यात ती पहिली ओळ नव्हती.

कुणी काढली? चौदा मार्च, संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटं. नाव राजेश्वरी. बदलाचं कारण — ‘सरांच्या सांगण्यावरून.’ पण सरांनी कुठे सांगितलं होतं ही ओळ काढायला? सरांना अशी ओळ असते हेसुद्धा ठाऊक नव्हतं… तिला ती संध्याकाळ आठवली. कूलर बंद पडलेला, खाली बोळात दुधाच्या गाड्या, आणि तिच्या बोटांतली ती तडतड. ओळीवर आलेलं बोट. क्षणभर थांबलेलं. एटसीतच पाहिजे ना तुम्हाला, माणसांच्या कप्प्यात? मग माणसांसारखीच राहू दे, कशाला पाटी लावायची. बघू काय होतं ते. ‘बघू काय होतं ते’ हे ती मनात अगदी शब्दाशब्दाने म्हणाली होती.

पंखा इकडे वळला. चिठ्ठी फडफडली. एका वायरीसाठी त्याने दोनदा नाव लिहून ठेवलं होतं.

राजेश्वरीच्या लहानपणी, मंगळवेढ्याला शेतावरच्या घरी बियाण्याची ज्वारी वेगळ्या कणगीत असायची. एका वर्षी काशम्मा काकूने, घरात थोरली म्हणून, फर्मान काढलं की दोन कणग्या कशाला, जागा अडते, एकीतच ओता. आई एकदा म्हणाली, नको. काकूने ऐकलं नाही. आईने ओतली. मध्ये साधं गोणपाटही घातलं नाही. पेरणीच्या तोंडावर कळलं, निम्मं बियाणं दळून, भाकऱ्या होऊन, घरातल्यांच्या पोटात गेलं. बाबा डोक्याला हात लावून ओट्यावर बसले, काकू रडायला लागली, आणि आई म्हणाली, मी सांगितलं होतं. राजेश्वरी नऊ वर्षांची असेल. तिला ज्वारीचं काही कळलं नाही, पण आईचा चेहरा तिने पाहिला. तो दुःखी नव्हता. त्या चेहऱ्यावर समाधान होतं, जेवण झाल्यावर असतं तसं. आईची तिला त्या दिवशी भीती वाटली होती, आणि ती कुणाला सांगता आली नव्हती.

म्हणजे मीही वाटच बघत होते की काय? मार्चपासून? रोज सकाळी सहाला?

‘‘मॅडम.’’

दारात बिरप्पा उभा होता. हातात टोपी. आत ये म्हटल्याशिवाय तो कधी आत येत नसे, स्वतः ओढलेल्या वायरींच्या खोलीतसुद्धा.

‘‘या की, काका. बसा.’’

तो बसला नाही. ‘‘रिपोर्ट झाला असला तर द्या. सरास्नी देतो. तुमी उगा माझ्यासाटी वाईट वाटून घेऊ नगा. मीच इसरलो असंन.’’

‘‘तुम्ही लिहिलं होतं म्हणालात ना.’’

‘‘आटवतंय तर तसंच. हितं बसलोतो, एकेक अक्षर दाबलं, मग दोनदा वाचलं.’’ त्याने टोपी या हातातून त्या हातात घेतली. ‘‘पर मशिनमधी न्हाय म्हटल्यावर… मशिन कशाला खोटं बोलंल? आमच्या अव्वाला, माझ्या आईला, शेवटी आसंच झालंतं. चूल पेटवली म्हणायची, अन् चूल गार. दोन रात्री झोप न्हाय बघा मला. बायकोला, नागव्वाला, अजून बोललो न्हाय. उद्या डाक्टरला दाखवून येतो. नोकरीचं काय, आज हाय, उद्या न्हाय. पर डोस्कं गेलं तर काय करायचं, मॅडम?’’

ती उभी राहिली. ‘‘तसं नाहीये ते, काका. त्याचं असं आहे, एटसीचा कप्पा जो असतो ना, तिथे खरं म्हणजे यंत्राने लिहायचंच नसतं, मी सरांना मार्चमध्येच —’’

बिरप्पा मान पुढे करून ऐकत होता. शिकवणीला बसल्यासारखा, एकही शब्द चुकू नये म्हणून. आणि तिला आपला आवाज ऐकू आला. कागदावर तीन कप्पे काढून दाखवणारा, तोच. त्यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. ती थांबली.

तिला पुन्हा चिडायचं होतं. कुमार सरांवर, बिस्किटावर, वीस वर्षं एकाच जागी बघणाऱ्या माणसांवर. तिने चिडून पाहिलं. जमलं नाही. इतके दिवस ती ज्याला टेकून बसली होती तेच कुणीतरी काढून घेतलं होतं, आणि आता पाठीला काहीच लागत नव्हतं.

बिरप्पा वाट बघत होता. सांगायचं वाक्य चारच शब्दांचं होतं — तुमच्या ओळी मी पुसल्या. त्यात सर नव्हते, मार्च नव्हता, वार-लिबही नव्हतं. इतकं लहान वाक्य तिला आजवर कधी बोलावं लागलं नव्हतं.