वाचनालयाची आतली कडी

शाळेच्या वाचनालयाच्या दाराला आतून कडी असते हे सफाईच्या मावशींना कळलं ते एका सोमवारी, मधल्या सुट्टीत. दाराची काच पुसायची राहिली होती म्हणून त्या ओलं फडकं घेऊन गेल्या, तर काचेला आतल्या बाजूने कागद चिकटवलेला. दार ढकललं, ते हललं नाही. आत कुणीतरी हळू आवाजात बोलत होतं, आणि तो आवाज मोठ्या माणसाचा होता.

ग्रंथपाल सरांना शाळेत येऊन चारच महिने झाले होते. पन्नाशीच्या अलीकडचा, एकटा माणूस. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. शिक्षकांच्या खोलीत डबा खायलासुद्धा येत नसत. सगळे म्हणत, भला माणूस आहे. मावशींना मात्र फार गप्प माणसाची धास्तीच वाटायची, आणि त्याला कारण होतं. त्या आधी ज्या शाळेत साफसफाईला होत्या, तिथला बसचा ड्रायव्हर असाच गप्प होता. एक मुलगी त्याच्या बसमधून रोज सगळ्यांत शेवटी उतरते, हे मावशींनी पाहिलं होतं. पण आपल्याला काय करायचंय, म्हणून त्या खाली मान घालून केर काढत राहिल्या. वर्षभराने प्रकार बाहेर आला, तेव्हा त्या मुलीच्या आईकडे मावशींना बघवलं नव्हतं.

घंटा झाली तशी कडी वाजली आणि सहावीतल्या तीन मुली बाहेर पडल्या. शेवटची गोगलगाय. हे नाव मावशींनीच ठेवलेलं, कारण मुलगी एवढीशी आणि पाठीवरचं दप्तर तिच्याहून थोराड. एरवी मावशी दिसल्या की ती थांबायची, काहीतरी बडबडायची. आज तिचे डोळे लाल होते. मावशींना बघताच ती भिंतीच्या कडेकडेने निघून गेली.

त्या दिवसापासून मावशी डोळ्यांत तेल घालून बसल्या. मंगळवारी तेच. बुधवारी त्या जिन्याखाली उभ्या राहिल्या. सरांनी दार जरासं उघडलं, दोन्हीकडे बघितलं, मुलींना आत घेतलं आणि कडी लावली. असं दोन्हीकडे बघून दार लावतं कोण?

गुरुवारी शाळा सुटताना गोगलगाय नळापाशी उभी होती. पाण्याची बाटली उपडी करून ओतत होती. बाटली काठोकाठ भरलेली.

“अगं, दिवसभर घोटभरही प्यायली नाहीस? एवढ्या उन्हात?”

“तहानच लागत नाही, मावशी.”

ओठ सुकून पांढरे पडलेले, आणि म्हणे तहान लागत नाही. कुठंतरी पाणी मुरतंय, एवढं मावशींना कळलं. त्या तशाच वाचनालयात गेल्या.

“सर, दाराची काच पुसायचीय. कागद काढू का?”

“नको, नको. मी बघतो,” सर म्हणाले. नजर मात्र पुस्तकांवर.

शुक्रवारी मधल्या सुट्टीआधी त्या सरळ मुख्याध्यापिकेसमोर जाऊन उभ्या राहिल्या. शाळेत त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत.

“तुम्ही स्वतः काय पाहिलंत?” सगळं ऐकून मोठ्या बाईंनी विचारलं.

“बंद दार पाहिलं.”

“तेवढ्यावर एखाद्याच्या अब्रूला हात घालायचा? उद्या काही निघालं नाही तर?”

“काही निघालं नाही तर मी हात जोडून माफी मागीन, बाई. पण आज चला.”

मोठ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि त्या उठल्या.

त्यांनी दार ठोठावल्यावर आतलं बोलणं तटकन थांबलं. खुर्ची सरकली. कडी निघायला बराच वेळ लागला. सर दारात उभे, चेहरा पांढराफटक. मागे टेबलावर तीन डबे उघडे, दोन मुली बसलेल्या. तिसरी कपाटाआड लपली होती.

“मी त्यांना शब्द दिला होता,” सर कसेबसे म्हणाले.

“तुम्ही बाहेर थांबा, सर,” मोठ्या बाई म्हणाल्या.

मावशी कपाटाआड जाऊन फरशीवर बसल्या. पदराने गोगलगाईचं तोंड पुसू लागल्या. तशी ती बोलली.

“सरांना ओरडू नका. ते काही नाही करत. दहावीतल्या ताया करतात.”

मुलींच्या स्वच्छतागृहात शेवटच्या खोलीत बादली उपडी घालायची, वर चढायचं आणि मधल्या भिंतीवरून मोबाइल धरायचा. तिघींचे फोटो काढले होते. सांगितलंत तर सगळ्या शाळेला दाखवू, असा दम दिला होता. तेव्हापासून तिघी शाळेत पाणी पीत नव्हत्या, म्हणजे तिकडे जावंच लागू नये. मधल्या सुट्टीत त्या ताया शोधत यायच्या, म्हणून ही कडी आणि हा कागद. सरांनी त्यांना एकदा पुस्तकांच्या मागे रडताना पाहिलं होतं. कुणाला सांगायचं नाही, अशी शपथ त्यांनीच सरांना घातली होती.

ती उपडी बादली मावशी रोज बघत होत्या. रोज सरळ करून नळाखाली ठेवत होत्या. पोरींचा खेळ असेल म्हणून. चार दिवस त्यांनी एका दाराची राखण केली आणि स्वतःच्या हाताने धुतलेल्या जागेतलं त्यांना दिसलं नव्हतं.

मोठ्या बाईंनी तिघींना एकेकटीला बसवून पुन्हा विचारलं, सरांबद्दलही विचारलं. तिघींनी तेच सांगितलं. दुपारीच दहावीतल्या दोघींच्या आईवडिलांना बोलावणं गेलं. पोलिसांच्या बालविभागातल्या बाई येऊन मोबाइल घेऊन गेल्या. फोटो त्या दोघींच्या पुढे गेले नव्हते, हे सोमवारी कळलं तेव्हा गोगलगाईची आई मोठ्या बाईंच्या खोलीत खुर्चीवर मटकन बसली. स्वच्छतागृहाच्या मधल्या भिंती छतापर्यंत गेल्या. सरांना दार बंद ठेवल्याबद्दल लेखी समज मिळाली.

आठ दिवस सर मावशींशी बोलले नाहीत. मग एकदा व्हरांड्यात त्यांनीच थांबवलं.

“तुम्हाला खरंच माझ्याबद्दल तसं वाटलं?”

“वाटलं,” मावशींनी हात जोडले. “चुकले मी. पण सर, मी विचारायला आले तेव्हा तुम्ही नजर चुकवलीत.”

“पोरींनी शपथ घातली होती हो.”

“पोरी लहान आहेत, त्या घालणारच. आपण मोठे. ती मोडायचं पाप आपल्या माथी घ्यायचं.”

सर माफ केलं असं म्हणाले नाहीत. हातातली पुस्तकं सावरत ते निघून गेले. मावशींना वाईट वाटलं. पण सुट्टीची घंटा व्हायला पाचच मिनिटं होती आणि आता सुट्टीभर स्वच्छतागृहापाशी बसायचं काम त्यांनी मागून घेतलं होतं. त्या भराभरा जिना उतरू लागल्या.