हवालदाराला नकार शिकवताना

"सवाल कोई भी हो, जवाब एक. जी उस्ताद! समझे?"

बावीस वर्षांपूर्वी परेडच्या मैदानावर कवायतीच्या उस्तादांचा हा आवाज गुलाबरावांच्या कानात शिरला, तो पुन्हा निघालाच नाही. आवाज असा, की झाडावरच्या पोपटांनीही सावधान उभं राहावं. पुढे उस्ताद निवृत्त झाले, गुलाबराव हवालदार झाले, डोक्यावरचे केस पांगले. पण वरच्या साहेबानं काही विचारलं, की टाचा आपसूक जुळत आणि पारिजातकाच्या फुलासारखं 'जी साहब' तोंडातून गळून पडे.

त्या फुलानंच घात केला.

युनिटच्या गाडीखान्यात एक ड्यूटी फोन होता. एका दुपारी त्यावरून स्टोअरमधल्या कारकून क्षमा मॅडमना तीन घाणेरडे मेसेज गेले. रजिस्टरात त्या दिवशीची सही गुलाबरावांची. चौकशीला कर्नलसाहेब बसले.

"फोन तुझ्या ताब्यात होता?"

"जी साहब."

"मेसेज तूच केलेस?"

"जी साहब."

झालं. लिहून घेतलं, सही घेतली आणि कोर्ट मार्शल उभं राहिलं. वर्दी जाणार, तुरुंग दिसणार. आणि बारावीतल्या पिंकीनं बापाशी बोलणं टाकलं, ते त्याहून जड.

शहरात तेलीबांध्याला ऑफिस असलेल्या, गुलाबरावांचा खटला घेतलेल्या निवेदिता वकीलबाईंनी जबाब वाचला आणि चष्मा काढून ठेवला. "हे कबूल काहून केलं तुम्ही?"

"कबूल नाही केलं मॅडम. साहेबांनी विचारलं, मी जवाब दिला."

बाईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "तुमचं नाव सत्यभामा आहे?"

"जी मॅडम."

"उरल्याच्या कारखान्यातून लोखंडाचा ट्रक तुम्हीच पळवला?"

"जी मॅडम."

शेजारी बायको इंदू पदर तोंडात कोंबून हसली. "लग्नाच्या वेळीबी असंच, दीदी. बाबांनी विचारलं, पोट्टी पसंत आहे का? तर यांनी उठून सलाम ठोकला. मले आजवर नाही समजलं, पसंत होती का हुकूम होता."

मग नकाराची कवायत सुरू झाली. घरी इंदू विचारी, "अजून पोळी वाढू?" पहिल्या दिवशी गुलाबराव अकरा पोळ्या खाऊन आडवे झाले. बाईंनी त्यांना गोल बाजारात धाडलं: दहा दुकानं फिरा, प्रत्येकाला नाही म्हणा, हात हलवत परत या. ते परत आले ते दोन बादल्या, एक कुकर आणि सहा पेले घेऊन.

"भांडेवाला माजी सुभेदार निघाला, मॅडम," ते खाली मान घालून म्हणाले.

तिसऱ्या आठवड्यात मात्र आरशासमोर एक बारीकसं 'नाही साहेब' निघालं. इंदूनं शेजाऱ्यांना पेढे वाटले.

"आता मुद्द्याचं," बाई म्हणाल्या. "त्या मुलीची तक्रार खरी आहे. तिला मी खोटं पाडणार नाही. मेसेज कोणीतरी केलेच. त्या दुपारी फोन कोणाकडे होता?"

गुलाबराव पंख्याकडे पाहत राहिले.

"याले मात्र जी मॅडम नाही," इंदू पुटपुटली.

त्यांना ठाऊक होतं. पण युनिटच्या मेजरसाहेबांचं नाव कसं घ्यायचं? इंदूच्या ऑपरेशनला त्याच साहेबांनी उभ्या उभ्या सुट्टी दिली होती, वर स्वतःचं रक्त दिलं होतं. तिच्या अंगात ते रक्त फिरत होतं आणि इथं गुलाबरावांची जीभ थिजली होती.

खटल्याच्या दिवशी लांब टेबलामागे पाच अधिकारी बसले. आधी क्षमाची साक्ष झाली. उलटतपासणीत वकीलबाईंनी तिला एकच विचारलं, "मेसेज यांनीच केले, हे तुम्हाला ठाऊक आहे?"

"नाही," क्षमा म्हणाली. "फोन गाडीखान्याचा, एवढंच ठाऊक आहे. मी अजून त्याच इमारतीत काम करते. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला नमस्कार करते, आणि रोज वाटतं, हाच असेल का? नाव तरी कळू द्या. कोणाकडे पाठ करून बसायचं नाही, ते मला समजेल."

गुलाबरावांनी मनातल्या मनात हिशोब केला. पिंकीएवढीच पोर ती, फार तर पाच वर्षांनी मोठी.

मग त्यांची पाळी आली.

"मेसेज तुम्ही केले?" अध्यक्ष ब्रिगेडियरसाहेबांनी विचारलं.

टाचा जुळल्या. ओठ 'जी'साठी उघडले. मागच्या बाकावर इंदूनं डोळे मिटून घेतले.

"नाही साहेब!"

इतक्या जोरात, की कारकुनाच्या हातचा पेन पडला. एका कॅप्टननं हसू मिशीत लपवलं. वकीलबाईंनी श्वास सोडला.

"मग फोन कोणाकडे होता?"

याची कवायत कोणी करून घेतली नव्हती. बाहेर व्हरांड्यात साक्षीसाठी थांबलेल्या मेजरसाहेबांच्या बुटांचा आवाज येत होता, जात होता. गुलाबरावांनी एकदा इंदूकडे पाहिलं. तिनं डोळे उघडले होते. मग त्यांनी क्षमाकडे पाहिलं, आणि अध्यक्षांना सोडून तिच्याशीच बोलले.

"मेजरसाहेबांकडे, बेटा. त्यांनी मागितला, मी दिला. तासाभरानं परत दिला तेव्हा ते हसून राहिले होते. तीनही मेसेज मी तेव्हाच वाचले होते. वाचले, आणि फोन चार्जिंगला लावला."