तेरा मिनिटांवरचं धुळे

असोद्याच्या योगराजचा साखरपुडा मोडला. पण त्याच्या घरचे म्हणतात, तसं काही झालंच नाही. मग नाही झालं. मी कशाला मध्ये पडू?

मित्रांनो, मी एक जुना मैलाचा दगड आहे. जळगाव-धुळे रस्त्यावर एरंडोलजवळ उभा असतो. पोटावर 'धुळे ६०' असं आहे. पाथरवटाने छिन्नीने कोरलं, म्हणून टिकलं. पूर्वी एसटीचे ड्रायव्हर मला बघून प्रवाशांना वेळ सांगत. आता लोक मोबाइल बघतात आणि माझ्यावर थुंकतात. नेम चांगला असतो, एवढंच त्यांचं कौतुक.

योगराजचे काका प्रेमराजनाना अशांचे पुढारी. साखरपुड्याचा मुहूर्त धुळ्यात, अकराचा. नानांनी मोबाइलला विचारलं. मोबाइल म्हणाला, असोदा ते धुळे हवाई अंतर एक्याऐंशी किलोमीटर, वेळ तेरा मिनिटं. या दोन गावांमध्ये विमान जात नाही, ही किरकोळ बाब. नाना व्यवहारी माणूस. गाडी विमानापेक्षा सावकाश जाते म्हणून त्यांनी तेराची तिप्पट केली, वहिनींना गाडी लागते त्याची वीस मिनिटं धरली आणि दहाला निघाले. एक मिनिट हाताशी ठेवलं.

पावणेअकराला वहिनी, म्हणजे योगराजची आई प्रमिलाबाई, माझ्या शेजारी ओकत होत्या. योगराज नवा सदरा सांभाळत माझ्यासमोर उभा राहिला. हे तेविसावं स्थळ. बावीस जणींनी शेती ऐकूनच नकार दिला होता. दीपमाला एकटी म्हणाली होती, "केळीतलं काम मलाही येतं."

"नाना, दगडावर साठ लिहिलंय."

"दगड जुना आहे. तेव्हा रस्ता लांब होता."

इतकी वर्षं उन्हात काढली, पण असा माणूस पाहिला नव्हता.

फोन वाजला. दीपमालाचे आजोबा, पुनाआबा. नानांनी स्पीकर लावला.

"कोठे शेतस तुम्ही?"

"आलोच आबा. फागण्यात आहोत."

फागणं धुळ्याच्या अगदी अलीकडे. या रस्त्यावर उशीर झालेला माणूस कुठेही असो, फोनवर तो फागण्यातच असतो.

तिकडून आबा म्हणाले,

"आम्हीन बठ्ठा फागणामाच उभा शेतस. हार लिसन."

म्हणजे मुलीकडचे सगळे हार घेऊन फागण्यातच स्वागताला उभे होते.

नानांनी फोन योगराजच्या हातात कोंबला. मुलगा कोण आहे, हे त्यांना तेव्हा आठवलं.

"आबा, आम्ही एरंडोलला आहोत. अजून तासभर लागेल."

"तू खरं बोलना, भाऊ, बरं वाटनं. पन पोर घरमा देनी पडस. आनि त्या घरमा नाना शे."

फोन बंद झाला. नाना गाडीत बसत म्हणाले, "मुलगी तशी काही खास नव्हती."

योगराजने निघताना माझ्यावरचा साठ अंगठ्याने पुसून पाहिला. कोरलेलं आहे. जात नाही.

मित्रांनो, माझी निगा राखा असं सांगणार होतो, पण ते तुम्हाला जमायचं नाही. म्हणून थेट वरच अर्ज करतो:

सविनय विनंती की, एरंडोल ते फागणे हे अंतर सदर दिवशी सकाळी पावणेअकरापासून पूर्वलक्षी प्रभावाने शून्य घोषित करण्यात यावे, व तसे लेखी पत्र पुनाआबांना तातडीने देण्यात यावे.