सहावा कान

बोगद्याचं छत सकाळी बसलं आणि आत राहिला फक्त मामा, ड्रिलवाला. तेव्हापासून भाच्याने खुर्ची सोडली नव्हती.

डोंगरात सहा ठिकाणी आवाज टिपणारे सेन्सर पुरलेले. सगळे त्यांना कान म्हणायचे. कानांनी ऐकलेलं पत्र्याच्या ऑफिसातल्या डिस्कवर उतरवायचं, हे भाच्याचं काम. पण आधीचा प्रोग्राम म्हणजे सरकारी कारभार. कानांच्या तारा जोडलेल्या कार्डाकडून प्रोसेसरने घ्यायचं, या मेमरीतून त्या मेमरीत ठेवायचं, मग डिस्कला द्यायचं. तोवर मधले आवाज गळायचे. भाच्याने घाईघाईत मधला माणूसच काढून टाकला. मेमरीत दोन खोकी केली. कार्ड एका खोक्यात थेट ओततंय, तोवर डिस्क दुसरं उपसतेय. ओझं कमी व्हावं म्हणून सहावा कान बंद केला. तो डावीकडच्या कोऱ्या खडकात होता, तिकडे कुणी नव्हतंच.

सव्वादहाला चौथ्या कानात आलं. टक टक. मग थांबून टक.

"हेच," मामी हेडफोन दाबून धरत म्हणाली. "दारही असंच वाजवतात. किल्ली खिशात असली तरी."

मुकादमाने चौथ्या कानाच्या दिशेने माणसं लावली. ठोके येतच राहिले.

चार वाजता भाच्याला ठोक्यांमागे एक शिंक ऐकू आली. वर कुणीतरी शिंकलं असणार. पुढच्या ठोक्यांमागे पुन्हा तीच शिंक. त्याने दोन्ही तुकडे शेजारी लावून पाहिले. शेवटच्या आकड्यापर्यंत सारखे.

खोकी पुसायची राहिली होती. वेळ वाचावा म्हणून ती ओळ त्यानेच उडवली होती. कार्ड कधीकधी अर्धंच खोकं भरायचं, उरलेल्या अर्ध्यात जुना माल तसाच पडून, आणि डिस्क बिचारी सगळं नवं समजून लिहून घ्यायची. खरा ठोका शेवटचा आला होता अकराच्या आधी. पाच तास माणसं शिळ्या आवाजामागे खणत होती.

त्याने ती ओळ परत घातली. स्क्रीनवर सरळ रेघ.

"मामी, माझी चूक झाली." त्याने सगळं सांगून टाकलं. "मामा अकरापासून गप्प आहे."

मामी रडली नाही. "सहावा का बंद आहे?"

"तिकडे नुसता खडक आहे गं."

"सकाळपासून पुष्कळ अक्कल पाजळलीस. आता माझं ऐक. चालू कर."

चालू केला. टक टक. मग थांबून टक.

त्याने दहा तुकडे ताडून पाहिले. एकासारखा एक नाही. ताजे.

मुकादम शिव्या घालत डावीकडे वळला. साडेसहाला मामा बाहेर आला. स्ट्रेचरवर, पण जिवंत.

"ठोकत राहिलास म्हणून सापडलास," मुकादम म्हणाला.

मामाने हात वर केले. दोन्ही पंजे काळेनिळे, सुजलेले. "अकराला दगड पडला यांच्यावर. मग काय कपाळाने ठोकू?" मग भाच्याकडे वळून, "पण भाचेबुवा, तुम्ही मात्र उत्तर चोख देत होतात. मी दोन-एक केलं की डावीकडून दोन-एक. छत पुन्हा झडायला लागलं तेव्हा त्या आवाजाकडेच सरपटत गेलो. हात अडकल्यावरही तो थांबला नाही. म्हणून धीर टिकला."

वरून कुणीच ठोकलं नव्हतं. छत बसेल म्हणून मुकादमाने सकाळीच सक्त मनाई केली होती.

भाचा मशीन बंद करायला ऑफिसात आला. हजेरीच्या फळ्यावर आत उरलेला एकच माणूस होता, त्याच्यापुढेही बाहेर आल्याची खूण झाली होती. सहाव्या कानाची रेघ हलली. दोन. मग थांबून एक. त्याने खोकी तपासली. पुसलेली होती. परत तपासली.

मामी पिशवी न्यायला आली आणि रेघेकडे बघत उभी राहिली.

"बंद करू नकोस."

"आत कुणीच नाहीये, मामी."

"यांना दिवसभर सोबत केली ना कुणीतरी." तिने टेबलावरचे हेडफोन उचलून त्याच्या डोक्यावर चढवले. "आता तू बस थोडा वेळ."