डब्यातल्या गोळ्या

भूकंपानं घर नेलं आणि बीपी आणून दिलं, असं सटवाजी सांगायचा. बीपी त्याला आधीपासूनच असणार. पण मदतीच्या गाड्यांतून डॉक्टर गावात येईपर्यंत ते मोजायला कोणी आलंच नव्हतं.

वर्षभराने गाड्या गेल्या. नव्या गावठाणात उपकेंद्राची इमारत उभी राहिली. तिचं कुलूप फार मजबूत होतं. नर्सबाई गुरुवारी यायच्या, पोरांना डोस पाजून जायच्या. बीपीची गोळी हवी तर निलंग्याचा सरकारी दवाखाना. तिथे सात दिवसांच्या मिळत. आठव्या दिवशी पुन्हा एस.टी., पुन्हा रांग, पुन्हा रानातलं काम बुडालं. चार महिने सटवाजी इमानाने गेला. मग डोकं जड झालं की जायला लागला.

शाळेत सटवाजी आणि मी एका बाकावर होतो. मी दत्तोपंत, म्हणून तो तेव्हापासून मला पंत म्हणतो, आणि अहोजाहो करतो. मी लातूरला मास्तरकी केली, निवृत्त झालो आणि गल्लीतल्या सगळ्यांप्रमाणे वरच्या खोल्या क्लासच्या मुलींना दिल्या. नव्व्याण्णव साली त्याची धाकटी शिवकन्या तिथे राहायला आली. तिला डॉक्टर व्हायचं होतं. डॉक्टर व्हायचं नाही असा विद्यार्थी त्या वर्षी लातुरात मला तरी भेटला नाही.

पोरांचे डबे गावाकडून पहिल्या एस.टी.ने येत, नावाच्या चिठ्ठ्या लावून. शिवकन्येचा डबा स्टँडवरून आणणं हे माझं काम. निवृत्त माणसावर घरात एवढाच विश्वास टाकतात. त्यात पोरीच्या भाकरींबरोबर एक माझ्यासाठी असायची. संध्याकाळच्या गाडीने डबा परत जाई. भरून आलेला डबा रिकामा पाठवायचा नाही, ही आमच्याकडची रीत, म्हणून माझी बायको त्यात मूठभर साखर टाकायची. एकदा मी तिला थांबवलं आणि सटवाजीच्या गोळ्यांची पट्टी टाकली; मग ती संपायच्या आत दुसरी, असं सुरूच ठेवलं.

तो पुढच्या भेटीत म्हणाला, "पंत, साखर बंद करून गोळ्या कशाला? च्यात टाकू का?"

"तोंडात टाक. रोज एक."

"रोज? ध्यानात कसं ऱ्हावं?"

"डबा भरला की गोळी. पोरीला उपाशी ठेवशील का?"

"न्हाई बा!"

दोन वर्षं त्याने एक दिवस चुकवला नाही. निलंग्याच्या डॉक्टरने तर मशीन बिघडलं असेल म्हणून दोनदा मोजलं.

शिवकन्येचा नांदेडला मेडिकलला नंबर लागला. गावाने सत्कार केला, मी भाषण केलं, लोक हसले. ती होस्टेलवर गेली. तिथे मेस होती. डबा बंद झाला. त्याच्याबरोबर आणखी काय बंद झालं, ते पेढे खाताना माझ्या ध्यानात आलं नाही.

दिवाळीत सटवाजी घरी आला.

"गोळी चालू आहे ना रे?"

"हाव, चालू हाय की."

कुठून आणतोस? दोनच शब्द होते. त्याऐवजी मी आणखी एक लाडू घेतला.

संक्रांतीनंतर तो रानात पडला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. मुलगी तिथे म्हणून नांदेडलाच नेलं. मी वॉर्डात पोचलो तेव्हा तो जागा होता.

"अरे, सांगायचं नाही का? एस.टी.ने पाठवल्या असत्या!"

एकेक शब्द उचलून ठेवावा तसं तो बोलला. "डबाच न्हाई पाठवला... मंग मागू कसं, पंत?"

मी दोन वर्षं औषध पाठवत होतो. तो डब्याची परतफेड घेत होता.

तेवढ्यात शिवकन्या केसपेपर घेऊन आली. "काका, यात लिहिलंय, रुग्णाने स्वतःहून औषध बंद केले. तुम्ही पाठवत होता ना गोळ्या?"

मी तोंड उघडलं. पण सटवाजीने डावा हात वर करून मला थांबवलं. "म्याच सोडल्या," तो म्हणाला.

मला 'नाही' असं म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही.

"बाबा, इतके कसे बेफिकीर तुम्ही? स्वतःचं साधं औषध घेता येईना?" पहिल्या वर्षाची ती पोर सगळ्या वॉर्डासमोर बापाला रागावली. तो अर्ध्या तोंडाने हसत ऐकून घेत होता. मी शेजारच्या स्टुलावर बसून होतो.