कुठे येतोय वास?

नवरा अचानक अत्तर लावायला लागला, तेव्हा तिच्या मनात पाल चुकचुकली.

लावायला लागला म्हणजे थेंबभर नव्हे. अंगावर ओतूनच घ्यायचा. तो गल्लीच्या तोंडाशी वळला की घरात कळायचं. ज्या माणसाने लग्नातसुद्धा धड भांग पाडला नव्हता, त्याला पोरगी शाळेत जायला लागल्यावर हे काय सुचलं?

दोघांचा धंदा घरातलाच. भंगारातून जुने कॉम्प्युटर यायचे. ती पुढच्या खोलीत बसून ते खोलायची, आतले बोर्ड वेगळे काढायची, कडेच्या सोनेरी पट्ट्या कापून डब्यात भरायची. मागच्या खोलीत तो त्या पट्ट्या ॲसिडात टाकायचा. तांबूस धूर उठायचा, आणि बऱ्याच खटाटोपानंतर भांड्याच्या तळाशी चहाच्या गाळासारखी भुकटी उरायची. ती वितळवली की मसुरीच्या दाण्याएवढं सोनं. गल्ली त्याला 'कचरासोनार' म्हणायची आणि तो त्यावर खूश असायचा.

तिची एकच तक्रार होती. "अहो, धूर पुढे येतोय. पोरगी खोकते."

"कुठे येतोय वास? पंखा चालू आहे की," तो फिस्कारायचा.

हल्ली मात्र तिला धुराचं काही वाटेना. डोक्यात अत्तरच घुमत होतं. त्यात नणंद आली आणि जाता जाता हसून म्हणाली, "वहिनी, दादा कोणासाठी दरवळतोय एवढा? लक्ष ठेव हं." नणंद चहा पिऊन गेली, पण हिची झोप घेऊन गेली. भाजी चिरताना बोट कापलं. बोर्ड खोलताना एकच स्क्रू दोनदा शोधला. दुपारी जेवण झालं की तो "जरा जाऊन येतो" म्हणून निघायचा. तो परत येईपर्यंत ती दार, खिडकी, दार करत राहायची.

शेवटी एका दुपारी तिने पोरीला शेजारणीकडे बसवलं आणि त्याच्या मागे निघाली.

बाजारात कापडाची दुकानं संपतात तिथे काचेच्या दाराचं एक लहानसं अत्तराचं दुकान होतं. तो सराईतासारखा आत शिरला. गल्ल्यावर एक ठसठशीत बाई. त्याला पाहताच ती हसली. हिच्या कानशिलांत रक्त चढलं. पदर खोचून ती पायरीपर्यंत गेली आणि तिथेच थबकली.

त्याने एक बाटली उघडून नाकाशी धरली. डोळे मिटले. बंद घराची कडी वाजवून कोणी थांबावं, तसा थांबला. मग ती ठेवली, दुसरी उघडली.

"आता तरी?" बाईने विचारलं. तिचं हसू केव्हाच मावळलं होतं. "याच्याहून उग्र माझ्याकडे काही नाही हो."

त्याने मान हलवली, वळला, आणि समोर बायको.

"तुम्ही यांच्या घरच्या ना?" बाईला हायसं वाटलं. "बरं झालं आलात. यांना डॉक्टरकडे न्या. माझ्या अत्तराने काय होणार आहे?"

रस्त्यावर आल्यावर तिने विचारलं, "कधीपासून?"

"बरेच दिवस झाले. आधी चहाचा वास गेला, मग साबणाचा. मला वाटलं, सर्दी असेल."

"आणि हे ओतून घेणं?"

"अंगाला ॲसिडचा वास मारत असेल, लोक नाक मुरडत असतील, असं सारखं वाटायचं. किती लावलं ते मला कळतंय थोडंच?"

तिला हसू फुटलं. भर रस्त्यात, डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती हसली. आणि हसता हसता एकदम थांबली.

"अहो, मी रोज सांगत होते, धूर पुढे येतोय. तुम्ही म्हणायचात, कुठे येतोय वास?"

"मला खरंच येत नव्हता गं."

"मग पोरगी खोकत होती ती?"

दोघांचेही पाय आपोआप झपझप पडू लागले.

घरी येऊन तो स्टुलावर चढला. पंखा फिरत होता, पण त्याच्या मागचा पाइप ॲसिडच्या वाफेने कुजून फाटला होता, तोही नेमका पुढच्या खोलीच्या माळ्यावर. बाहेर जायचा धूर इतके दिवस पोरीच्या अभ्यासाच्या जागेवर उतरत होता. पाइप हातात धरून तो तसाच उभा राहिला.

डॉक्टर म्हणाले, धुरापासून दूर ठेवलं तर मुलीची छाती सुधारेल. नाकाचं सांगता येत नाही.

"पाइप बदलतो, झालं," तो म्हणाला.

"आणि नाक कुठून बदलून आणणार?"

कितीतरी दिवस घरात याच्यावरून ठिणग्या उडाल्या. मग तीच उठून गावाबाहेरच्या कारखान्यात गेली. तिथे हेच काम बंदिस्त यंत्रांत चालायचं. निवडलेले बोर्ड ते विकत घेणार होते.

"म्हणजे सोनं ते काढणार आणि मी नुसते स्क्रू काढू?"

"हो. नुसते स्क्रू."

ॲसिडचे कॅन त्याने स्वतः हातगाडीवर लादून व्यापाऱ्याला परत केले. पण त्यानंतर त्याचा पाय घरात ठरेना. रिकामी खोली पुन्हा पुन्हा धुवायचा. खोललेला कॉम्प्युटर उगाच जोडून ठेवायचा. एकदा माल पोचवायला कारखान्यात गेला, तो संध्याकाळी वेगळाच चेहरा घेऊन आला.

"त्यांना भट्टीवर माणूस हवाय. तोंडाला मास्क देतात, पाइप रोज तपासतात. मी विचारलं."

त्याने विचारलं म्हणजे मनात ठरलं, हे तिला ठाऊक होतं.

"आधी मला ती भट्टी दाखवा. या घरात एक तरी नाक शाबूत आहे."

दुसऱ्या दिवशी दोघं गेली. कारखान्याचा मॅनेजर गोंधळून बघत राहिला आणि ती कोपऱ्या-कोपऱ्यात उभी राहून श्वास ओढत फिरली. तापलेल्या लोखंडाचा वास होता, तेलाचा होता. घसा खवखवला नाही.

"ठीक आहे," ती म्हणाली.

तो लगेच मास्क चढवून आत गेला. ती फाटकापर्यंत आली, मागे वळली, पुन्हा आत जाऊन भट्टीजवळच्या कोपऱ्यात एकदा हुंगून आली. मग निघाली खरी, पण शाळा सुटायला वेळ असूनही तिची पावलं घाईघाईने शाळेकडेच पडत होती.